बियाण्याची पिशवी आणि ग्राहकाची निष्ठा : किनवट परिसरातील कापूस-उत्पादकाच्या संदर्भात एक विवेचन

ग्राहकाची निष्ठा हा शब्दप्रयोग वाणिज्यशास्त्राच्या अभ्यासात आता इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाची फोड करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ग्राहक तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घेतो, म्हणून त्याची तिच्यावर निष्ठा आहे. आणि निष्ठा आहे म्हणजे विश्वास आहे, असे समीकरण बहुधा गृहीतच धरले जाते. साबण, चहा किंवा सायकल यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरते, कारण या वस्तूंची पारख ग्राहक स्वतः करू शकतो. चहा बेचव असला तर ते पहिल्या घोटालाच कळते आणि पुढच्या महिन्यात पुडा बदलता येतो. परंतु जिची पारख विकत घेण्यापूर्वी होत नाही, आणि वापरल्यानंतरही निश्चितपणे होत नाही, अशा वस्तूच्या पुनःखरेदीचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न निराळा आहे. शेतकऱ्याने विकत घेतलेले कपाशीचे बियाणे ही अशी वस्तू होय. तिच्या बाबतीत निष्ठा, विश्वास आणि नव्या तंत्राचा स्वीकार या तीन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे पाहण्यासाठी नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल.

किनवट पैनगंगेच्या काठी वसलेले आहे. नदीच्या उत्तरेस यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. दक्षिणेस व पूर्वेस तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. मराठवाड्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत त्याची गणना होते. तथापि शेती मुख्यतः पावसावरच चालते, जमीन डोंगरउताराला बरड आणि नदीकाठाला काळी, आणि वस्ती गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा अशी संमिश्र आहे. तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. कापूस हे येथील जुने नगदी पीक असून गेल्या काही दशकांत सोयाबीनने त्याच्या शेजारी जागा मिळविली आहे. राज्याची सीमा जवळ असल्यामुळे मालाची व बियाण्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी होते. नांदेडच्या कृषी अधिकाऱ्याने सांगितलेले, यवतमाळच्या पाहुण्याने वापरलेले आणि आदिलाबादच्या बाजारात दिसलेले असे तीन ठिकाणचे वाण एकाच गावाच्या पारावर चर्चेस येऊ शकतात.

या चर्चेचे स्वरूप समजण्यासाठी बियाणे ही क्रयवस्तू केव्हा झाली, हे आधी पाहावे लागते. नांदेडच्या परिसरात पूर्वी गावरानी नावाने ओळखला जाणारा देशी कापूस होत असे व त्याच्या तलम धाग्याची ख्याती होती. या कापसाचे बी शेतकरी घरचेच ठेवी किंवा सरकी काढणाऱ्या कारखान्यातून आणी. चांगले झाड, चांगले बोंड ओळखून त्याचे बी बाजूला काढणे ही शेतीच्या ज्ञानाचीच एक शाखा होती. ग्राहक व विक्रेता असा संबंध तेथे जवळजवळ नव्हताच. १९७० मध्ये सुरत येथील केंद्रात चंदूलाल पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण सिद्ध केला. व्यापारी लागवडीसाठी निर्माण झालेला तो जगातील पहिला संकरित कापूस मानला जातो. संकरित बियाण्याचा धर्म असा की त्याचे गुण पहिल्या पिढीतच एकवटलेले असतात. पुढच्या पिढीत ते विखुरतात. म्हणून घरी ठेवलेली सरकी पुन्हा पेरून चालत नाही, दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. शेतकरी बियाण्याचा कायमचा ग्राहक झाला तो या घटनेने. जनुकीय बियाण्याला पुढे जी दूषणे देण्यात आली, त्यांपैकी दर वर्षी बी विकत घ्यावे लागण्याचे दूषण खरे पाहता संकराच्या खाती जमा व्हावयास हवे.

तरीही या पहिल्या काळात निष्ठेला आधार होता, असे नांदेडच्याच एका वाणाच्या इतिहासावरून दिसते. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रातून एन.एच.एच.-४४ हा संकरित वाण १९८४ च्या सुमारास प्रसारित झाला. लोकांच्या तोंडी तो ‘नांदेड-४४’ म्हणूनच राहिला. रसशोषक किडींना तो बऱ्यापैकी तोंड देई, हलक्या जमिनीत व अनिश्चित पावसातही तग धरी, आणि पहिला बहर गळाला तरी पाऊस परतताच पुन्हा पाते-फुले धरी. मराठवाडा-विदर्भाबरोबरच आंध्र, कर्नाटक व गुजरातेतही त्याचा प्रसार झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्याचे नाव जवळजवळ दोन दशके तेच राहिले. एका शेतकऱ्याला हा वाण ओल्या वर्षी पाहता आला, कोरड्या वर्षी पाहता आला, बरडावर आणि काळीतही पाहता आला. दहा-बारा हंगामांच्या अनुभवातून पावसाचा भाग कोणता, जमिनीचा कोणता आणि बियाण्याचा कोणता, हे हळूहळू वेगळे होत गेले. या वाणावरील निष्ठा ही जाहिरातीने निर्माण केलेली नव्हती. वारंवार घेतलेल्या परीक्षेचा तो निकाल होता.

नव्या बियाण्याच्या स्वीकाराचा शास्त्रीय अभ्यास ज्या एका निबंधापासून सुरू झाला, त्यातही परीक्षेचा हाच क्रम आढळतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका १९२८ च्या सुमारास बाजारात आला. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची पाहणी करून १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४१ पर्यंत दोघांचा अपवाद सोडून सर्वांनी हा मका स्वीकारला होता. परंतु तो एकदम स्वीकारला नव्हता. प्रथम शेताच्या लहानशा तुकड्यात, मग थोड्या अधिक क्षेत्रात, आणि शेवटी संपूर्ण शेतात, असा क्रम होता. नव्या बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण ते घ्यावे असे मनाने घेतले ते शेजाऱ्याचे शेत पाहून. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवकल्पनांच्या प्रसाराची जी उपपत्ती मांडली, तिच्या मुळाशी हाच अभ्यास आहे. या दोन्ही ठिकाणी एक गृहीत अनुच्चारित राहिले. शेजाऱ्याच्या शेतात जे दिसते ते बियाण्याचेच फळ आहे, आणि पुढच्या वर्षीही तेच बियाणे त्याच नावाने मिळणार आहे, हे ते गृहीत होय.

हे गृहीत कपाशीच्या बाबतीत २००२ नंतर मोडले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको व मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते, हे या तंत्राचे सार. २००६ मध्ये दोन जनुके असलेले दुसरे स्वरूप, म्हणजे बीजी-२, आले. पहिल्या एक-दोन वर्षांत आंध्र प्रदेशातून व विदर्भातून तक्रारी आल्या, वाद झाले. तरीही दशकभरातच देशातील कापसाखालील सुमारे नव्वद टक्के क्षेत्र या तंत्राखाली गेले. आयोवातील मक्याला एका राज्यातील दोन वस्त्यांत जेवढा काळ लागला, तेवढ्या काळात एका खंडप्राय देशाचे पीक बदलले.

या वेगाचे एक कारण स्पष्ट आहे. झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५७ मध्ये संकरित मक्यासंबंधी दाखविले होते की प्रसाराचा वेग मुख्यतः लाभावर अवलंबून असतो. हिरव्या बोंडअळीवर दर आठ-दहा दिवसांनी करावी लागणारी फवारणी वाचणे हा लाभ गावातील कोणालाही मोजता येण्याजोगा होता. दुसरे कारण असे की या तंत्राने शेतकऱ्याकडून नवे काहीच मागितले नाही. टोबणी तीच, अंतर तेच, कोळपणी तीच. बदलली ती फक्त पिशवी. नव्या तंत्राच्या स्वीकाराविषयी फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये जी उपपत्ती मांडली, ती उपयुक्ततेची जाणीव व वापरण्यातील सुलभता या दोन घटकांवर भर देते. कार्यालयातील यंत्रांचा विचार करून ती मांडली गेली असली तरी बीटी बियाण्याच्या पहिल्या दशकाला ती चपखल बसते. तिच्यात जे बसत नाही ते या दशकानंतर घडले.

त्यापूर्वी तंत्र आणि वाण यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सारा घोटाळा त्यातून उद्भवतो. बीटी हे तंत्र एक असले तरी ते ज्या वाणांत घातले गेले ते वाण असंख्य. २०१२ पर्यंत मान्यताप्राप्त बीटी वाणांची संख्या हजारावर गेली होती. बनी, मल्लिका, अजित-१५५, राशी-६५९ अशी नावे एकामागून एक पुढे आली. काही टिकली, काही दोन-तीन हंगामांत मागे पडली. जालना, औरंगाबाद, नागपूर, हैदराबाद येथील कंपन्या एकाच मोसमात आपापली डझनावारी नावे घेऊन बाजारात उतरत. शेतकऱ्याचा विश्वास तंत्रावर बसला होता. त्याला विकत घ्यावा लागत होता तो वाण. आणि ज्या नांदेड-४४ ची त्याने दोन दशके परीक्षा घेतली होती, तो वाण नव्या तंत्राविना असल्यामुळे दुकानाच्या मांडणीवरून उतरला.

तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यात कापूस-उत्पादकांच्या बियाणे-निवडीचा दीर्घ अभ्यास मानवशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी केला असून त्याचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादे नाव एका गावात एका वर्षी जवळजवळ सर्वांच्या शेतात दिसावे, पुढच्या वर्षी नाहीसे व्हावे, आणि शेजारच्याच गावात त्या वेळी भलतेच नाव चालावे, असे त्यांना आढळले. या लाटांना जमिनीचा किंवा पावसाचा कोणताही आधार सापडेना. शेतकरी शेजाऱ्याकडे पाहून निवड करीत होते, पण शेजाऱ्यानेही कोणाकडे तरी पाहूनच निवड केली होती. मुळाशी परीक्षा कोणाचीच नव्हती. स्टोन यांनी याची तीन कारणे दिली : परिणामांतील विसंगती, बियाण्याचा अनोळखीपणा आणि बदलाचा अतिवेग. त्यांनी यास कौशल्याचा ऱ्हास म्हटले. हा शब्द काहींना कठोर वाटेल; शेतकऱ्याची बुद्धी कमी झाली असा त्याचा अर्थ मात्र नाही. तीन वर्षांत नाव बदलणाऱ्या वस्तूची परीक्षा जगातील कोणताही शास्त्रज्ञ एका शेतात करू शकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

किनवटसारख्या तालुक्यात ही अडचण अधिक तीव्र होते. सुमारे साडेचारशे ग्रॅमची एक पिशवी साधारणपणे एका एकरास पुरते. चार एकरांचा धनी चार पिशव्या घेतो आणि बहुधा त्या दोन-तीन नावांच्या घेतो. वाणिज्यशास्त्राच्या दृष्टीने ही निष्ठेची वाटणी होय; शेतकऱ्याच्या दृष्टीने तो विमा आहे. पण या विम्यामुळेच तुलना अशक्य होते, कारण एक वाण उतारावर पडतो, दुसरा सखल भागात. एकाची टोबणी मृगाच्या पहिल्या पावसावर होते, दुसऱ्याची आठ दिवस खंड पडल्यावर. हंगामाच्या अखेरीस एका वाणाला अधिक बोंडे लागली तर त्याचे श्रेय बियाण्याला द्यावे की ओलीला, हे कोण सांगणार? त्यातही दुबार पेरणीची पाळी आली तर दुसऱ्या वेळी जे नाव दुकानात शिल्लक असेल तेच घ्यावे लागते.

किंमतही येथे मदतीस येत नाही. सर्वसाधारण बाजारात अधिक किंमत ही काही प्रमाणात गुणवत्तेची खूण असते. बीटीची पिशवी आरंभी सोळाशे रुपयांच्या आसपास होती. २००६ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर ती साडेसातशेवर आली. पुढे २०१५ च्या आदेशानुसार केंद्र शासन देशभरासाठी कमाल किंमत ठरवू लागले. बीजी-२ साठी ती २०१६ मध्ये ८०० रुपये, २०१८ मध्ये ७४० रुपये आणि २०२४ च्या हंगामासाठी ८६४ रुपये होती. या नियंत्रणाने शेतकऱ्याचा खर्च निश्चितच आटोक्यात राहिला व ते इष्टच होते. तथापि त्याचा एक अनुषंगिक परिणाम असा झाला की चांगली पिशवी आणि सामान्य पिशवी यांच्यावर एकच किंमत छापली गेली. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते की ज्या बाजारात विक्रेत्याला वस्तूचे गुण ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात, तेथे चांगला माल वाईट मालापासून वेगळा काढणारी काही तरी खूण लागते. हमी, नाव किंवा मध्यस्थाची पत. किंमत ही खूण राहिली नाही आणि नावेही टिकेनात, तेव्हा उरली ती मध्यस्थाची पत.

हा मध्यस्थ म्हणजे कृषी सेवा केंद्राचा चालक. किनवट, बोधडी, इस्लापूर किंवा माहूर यांसारख्या बाजाराच्या ठिकाणी मे महिन्याच्या अखेरीपासून जी गर्दी होते, ती केवळ खरेदीची नसते. ती सल्ल्याचीही असते. दुकानदार शेतकऱ्याला नावाने ओळखतो, त्याच्या जमिनीची प्रत त्याला ठाऊक असते, आणि पुष्कळदा तो बियाणे, खत व औषध कापूस निघेपर्यंत उधारीवर देतो. बँकेचे पीककर्ज वेळेवर हाती न पडणाऱ्यास ही उधारी म्हणजे हंगामच होय. साहजिकच ज्याच्याकडे खाते, त्याच्याकडचेच वाण. कंपनीच्या नोंदीत ही विक्री तिच्या नावावरील निष्ठा म्हणून जमा होते. वस्तुतः ती दुकानदारावरील निष्ठा असते, आणि तीही निम्मी विश्वासाची, निम्मी देण्याची. दुकानदाराला ज्या पिशवीवर अधिक सूट मिळते तीच तो पुढे सरकवील, हा संशय शेतकऱ्यालाही असतोच. तरीही तो पूर्णपणे फसवणार नाही, असे धरून चालण्यास त्याच्याजवळ एक बळकट कारण आहे : दुकानदाराला पुढच्या वर्षी त्याच बाजारात बसावयाचे आहे आणि थकलेली बाकी वसूल करावयाची आहे. दूरच्या शहरातील कंपनीला हे बंधन नसते.

अशा प्रकारे पिशवीवरचा विश्वास माणसावर सरकला. याचा सर्वांत मोठा तोटा झाला तो आश्रयपिकाच्या बाबतीत. बीटी कपाशीभोवती किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के भागात साधी, म्हणजे बीटी नसलेली, कपाशी लावावी, असा नियम मान्यतेबरोबरच घालण्यात आला होता. त्यासाठी पिशवीत १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. हेतू असा की साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारक अळ्यांची वंशवृद्धी रोखली जावी. परंतु बहुतेक ठिकाणी ही पुडी पेरलीच गेली नाही. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या पुडीच्या स्वीकारासाठी अगदी निराळ्या प्रकारचा विश्वास लागत होता. माझी साधी कपाशी अळीने खाल्ली तरी त्यामुळे दहा वर्षांनी सर्वांचे पीक वाचेल, आणि माझा शेजारीही हा तोटा माझ्याइतकाच सोसेल, असे शेतकऱ्याने मानावयास हवे होते. दुकानदाराची पत येथे कामाची नव्हती, कारण लाभ या हंगामाचा नव्हता. गावपातळीवर हा व्यवहार जुळवून आणणारी यंत्रणा कोणी उभी केली नाही. पुढे बियाण्यातच साधे बी मिसळून देण्याची पद्धत सुरू झाली, ती तंत्रदृष्ट्या उपयुक्त असली तरी एका अर्थी या विश्वासाचा नाद सोडल्याची ती कबुली होती.

परिणाम ठाऊक आहेच. गुलाबी बोंडअळीने प्रथम गुजरातेत एका जनुकाच्या कपाशीला दाद देणे सोडले. नंतर दोन जनुकांच्याही. २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात या अळीने मोठे नुकसान केले. बोंड बाहेरून हिरवेगार दिसे आणि फोडले की आत किडलेली सरकी व डागाळलेला कापूस. महाराष्ट्राच्या कापूस बियाणे कायद्याखालील ‘जी’ नमुन्यात तक्रारी भरण्यासाठी कृषी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. कंपन्यांचे म्हणणे असे पडले की बियाण्यात दोष नाही, अळी बदलली आहे. शास्त्रीयदृष्ट्या ते बरेचसे खरे होते. परंतु पिशवी घेताना शेतकऱ्याला जे आश्वासन मिळाले होते, ते ‘अळी बदलेपर्यंत’ अशा अटीचे नव्हते.

यापुढची गोष्ट निष्ठेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. २०१८ च्या हंगामात याच शेतकऱ्यांनी पुन्हा बीजी-२ च्याच पिशव्या घेतल्या. विक्रीचे आकडे पाहणाऱ्यास यातून तंत्रावरील अढळ विश्वासच दिसेल. प्रत्यक्षात दुकानात दुसरे काही नव्हते. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि निष्ठा हा घटक या दोहोंतील निवड ठरवितो. ज्याला सोडून जाण्याची वाटच नाही, त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही. त्याला निरुपाय हा साधा मराठी शब्द आहे.

वाट निर्माण करण्याचा एक प्रयत्न सार्वजनिक क्षेत्रातून झाला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने व धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने मिळून सिद्ध केलेले बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाणाचे बियाणे, आणि त्याच जनुकाचे नांदेड-४४ बीटी हे संकरित बियाणे २००९ मध्ये बाजारात आले. सरळ वाण असल्यामुळे बिकानेरी नरमाचे बी घरी ठेवून पुन्हा पेरता येणार होते, ही त्यातील क्रांतिकारक गोष्ट. परंतु या बियाण्यात खाजगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळल्याने वर्षअखेरीस विक्री थांबवावी लागली आणि पुढे सोपोरी समितीच्या चौकशीपर्यंत प्रकरण गेले. शासकीय संस्थेच्या नावाला जी पत होती, ती तिच्याच हातून अशी खर्ची पडली. महाबीजच्या साहाय्याने नांदेड-४४ चे बीजी-२ स्वरूप तयार होऊन बाजारात यावयास बीटीच्या आगमनापासून दीड दशक लागले. तोपर्यंत जुन्या नांदेड-४४ ची परीक्षा घेतलेली पिढी साठीच्या घरात पोहोचली होती, आणि नव्या ग्राहकाला ते इतर शेकडो नावांपैकी एक नाव होते.

याच तालुक्यातील सोयाबीनकडे पाहिले म्हणजे परीक्षेच्या सोयीने केवढा फरक पडतो ते दिसते. सोयाबीन स्वपरागी पीक आहे; त्याचे बी घरचे ठेवता येते. जबलपूरहून आलेला जे.एस.-३३५ हा १९९४ चा वाण कितीतरी वर्षे शेतकऱ्यांनी सोडला नाही, आणि परभणीच्या विद्यापीठाचे एम.ए.यू.एस.-७१ सारखे वाण त्याच्या जोडीस आले. येथे नावे टिकली, म्हणून अनुभवही साठला. २०२० च्या जूनमध्ये मात्र मराठवाड्यात विकतचे सोयाबीन बियाणे मोठ्या प्रमाणावर उगवले नाही. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात बीजोत्पादनाचे सोयाबीन भिजले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण. तक्रारींचा पूर आला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतः दखल घेतली, आणि खाजगी कंपन्यांबरोबर महाबीजच्याही बियाण्याविषयी तक्रारी झाल्या. परंतु पुढच्या वर्षी शेतकऱ्याजवळ एक उत्तर होते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावयाचे, आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावयाचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरणीयोग्य, कमी उगवले तर दर वाढवावयाचा किंवा बी बदलावयाचे. या चाचणीला खर्च नाही, पदवी लागत नाही, आणि ती पेरणीपूर्वी होते. कृषी खात्याने घरच्या बियाण्याची मोहीम हाती घेतली तेव्हा ती रुजली याचे कारण या चाचणीत आहे. कपाशीच्या पिशवीची उगवणही अशीच तपासता येईल, हे खरे. पण त्या पिशवीसाठी जे दाम मोजावयाचे ते उगवणीचे नसून अळीच्या प्रतिकाराचे व उत्पन्नाचे, आणि ते नोव्हेंबरपूर्वी कळत नाही.

कायद्यालाही या वस्तूचे वेगळेपण मान्य करावे लागले. सदोष बियाण्याबद्दल ग्राहक मंचाकडे गेलेल्या शेतकऱ्यांविरुद्ध असा युक्तिवाद केला जाई की त्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविलाच नाही. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. शेतकरी घेतलेले सर्व बी पेरतो, चाचणीसाठी त्याचा काही भाग राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. आणि बियाण्यांचा १९६६ चा कायदा असला तरी तो ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात दाद मागावयाची तर खरेदी सिद्ध करावी लागते. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार परवानाधारक विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक आहे. त्या पावतीवर वाणाचे नाव व तुकडीचा क्रमांक असला म्हणजे शेतकऱ्याची बाजू उभी राहते. उधारीच्या व्यवहारात ही पावती मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणे, असा संकोच आड येतो. ज्या विश्वासावर बियाणे मिळते, तोच विश्वास भरपाईच्या वाटेत उभा राहतो.

तणनाशकाला दाद न देणाऱ्या अनधिकृत कपाशीचा प्रसार या संदर्भात पाहिला म्हणजे कमी चकित करतो. या बियाण्याला मान्यता मिळालेली नसताना ते महाराष्ट्र, तेलंगण, गुजरात अशा राज्यांत पसरले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून कायदेभंगही केला. पिशवीवर ओळखीचे नाव नाही, किमतीचे बंधन नाही, पकडले गेल्यास कारवाई. असे असूनही ग्राहक ते का घेतो? निंदणीची मजुरी वाढली आहे आणि ऐन पावसात मजूर मिळत नाहीत, हे लाभाचे अंग झाले. दुसरे अंग असे की या बियाण्याचा दावा लगेच तपासता येतो. तणनाशक फवारले, आठ-दहा दिवसांत तण वाळले आणि कपाशी उभी राहिली, की पिशवी खरी. कपाशीही वाळली, की खोटी. गेल्या वीस वर्षांत कपाशीच्या शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी इतक्या थोड्या दिवसांत करता येईल अशी दुसरी परीक्षा कोणत्याही पिशवीने दिलेली नाही.

मात्र ही परीक्षा त्या एकाच गुणाची आहे. त्या पिशवीतील बोंडअळीचा प्रतिकार किती, उत्पन्न किती, मूळ वाण कोणता, याविषयी ती काहीच सांगत नाही. सीमेवरच्या तालुक्यात असे बियाणे हातोहात, ओळखीतून, बाजाराच्या दिवशी येते. त्याची पावती नसते, तुकडीचा क्रमांक नसतो. ते न उगवल्यास २०१२ च्या निर्णयाचा आधार घेण्यासाठी प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव लिहावयाचे, हेही शेतकऱ्याला ठाऊक नसते. देणारा माणूस तेवढा ओळखीचा असतो.